‘लागेल कधीतरी’ म्हणून बोटीवर चढवलेलं सामान

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बारा मीटरची शिडाची बोट, दोघंच जण, वर्षभराची लांबची सफर. लोक हौसेनं बोटीवर चढवतात आणि पुढे ज्यांचा काडीचाही उपयोग होत नाही, अशा वस्तू कोणत्या? बोटीच्या आराखड्याबरोबर तुमच्या मनात असलेल्या सामानाची नावंही तुम्ही दिली आहेत: दोन घडीच्या सायकली, ब्रेड मशीन, पेट्रोलवरचा छोटा जनरेटर, सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांची उंची मोजून आपली जागा काढायचं यंत्र), वादळी जिब (वादळात पुढे लावायचं छोटं शीड), चौथा नांगर आणि गिटार.

एकेकाबद्दल सांगते, पण आधी ‘निरुपयोगी’ या शब्दाचा घोळ मिटवू. आमचा लाइफराफ्ट, म्हणजे बोट बुडाली तर चढायचा तराफा, एकवीस वर्षांत एकदाही पाण्यात टाकावा लागलेला नाही. नुसता वापराचा हिशेब केला तर बोटीवरची सगळ्यात निरुपयोगी आणि जागा खाणारी वस्तू तीच ठरेल. म्हणून मी प्रत्येक वस्तूला दोनच प्रश्न विचारते. वेळ येईल तेव्हा ही खरंच काम करणार आहे का? आणि ती वेळ येईपर्यंत ही कशाच्या वाटेत पडून राहणार आहे? बहुतेक लोक पहिला प्रश्न अर्धवट विचारतात, दुसरा तर विचारतच नाहीत.

दुसरा प्रश्न मी कशी शिकले ते सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका रात्री आम्ही वाऱ्याच्या तोंडावर बोट चालवत होतो. माझा पहारा संपला, आत उतरले आणि पाय पाण्यात पडला. बोट वाकली की पाणी फळ्यांवरून एका बाजूला धावत होतं. चव घेतली तर खारट, म्हणजे टाकी फुटलेली नव्हती. सिंकचं पाणी बाहेर सोडणारी नळी सीकॉकवरून, म्हणजे बोटीच्या तळातल्या भोकावरच्या झडपेवरून, निसटली होती. सीकॉकची मूठ फिरवली की काम झालं, दोन सेकंदांचं. पण त्या मुठीपुढे लॉकरमध्ये होत्या दोन घडीच्या सायकली, स्पिनेकरची (पाठच्या वाऱ्यात लावायच्या मोठ्या हलक्या शिडाची) पिशवी, रंगाचे डबे आणि ‘नंतर लावू’ म्हणून ठेवलेलं लाकडी फळ्यांच्या फटी बुजवायच्या ओक्युम-डांबराचं एक खोकं, जे आमच्या फायबरग्लासच्या बोटीला जन्मात लागणार नव्हतं. एका सायकलचं पेडल दुसरीच्या चाकात अडकलेलं. मी आणि नवरा दोघं मिळून ओढतोय, बोट आपटतेय, टॉर्च तोंडात धरलेला. मूठ हाताला लागेपर्यंत नऊ मिनिटं गेली.

नंतर शांतपणे हिशेब मांडला. जलरेषेखाली अर्धा मीटर, ३८ मिलिमीटरचं भोक: मिनिटाला सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी आत येतं. नऊ मिनिटांत टनभराहून जास्त. तळातलं पाणी उपसणाऱ्या आमच्या बिल्ज पंपावर ‘ताशी २००० गॅलन’ असं छापलेलं होतं, म्हणजे कागदावर मिनिटाला साधारण तेवढेच लिटर. पण तो आकडा पाणी वर चढवायचं नसताना आणि बॅटरी पूर्ण भरलेली असतानाचा असतो. प्रत्यक्षात निम्मं मिळालं तरी नशीब. त्या रात्री आम्हाला बुडवायला निघालेली गोष्ट नळी नव्हतीच, सायकली होत्या.

त्यामुळे तुमच्या यादीतल्या सायकली आधी उतरवा. घडी घातल्यावर त्या सुटकेसएवढ्या होतात हे खरं, पण तेवढी सुटकेस बोटीत ठेवायला रिकामी जागा कुठे असते? डेकवर रेलिंगला बांधल्या तर खाऱ्या पाण्यानं चेन, बेअरिंग, केबल सगळं महिन्या-दीड महिन्यात धरतं. अॅल्युमिनियमच्या सांगाड्यात स्टीलचे बोल्ट असतील तर ते गंजून एकजीव होतात आणि सायकल घडी घातलेल्या अवस्थेत कायमची मिटते. शिवाय प्रत्येक वेळी ती डिंगीत, म्हणजे सोबतच्या छोट्या होडीत, घालून किनाऱ्यावर न्यायची. ज्यांच्याकडे सायकली होत्या अशा बोटवाल्यांना मी विचारत आले आहे. पहिल्या तीन बंदरांत त्या खाली उतरल्या, पुढे नाही. कायम धक्क्याला लागूनच राहणार असाल, तर गोष्ट वेगळी.

आता वजनाबद्दल, कारण लोकांना ते दिसत नाही. तुमच्याएवढ्या एका हलच्या (पाण्यात तरंगणाऱ्या एकाच सांगाड्याच्या) बोटीला एक सेंटीमीटर खाली बसवायला ढोबळमानानं दोनशे ते सव्वादोनशे किलो लागतात. म्हणजे घरातल्या वस्तू ‘काय ते चार-पाच किलो’ करत चढवत गेलात तरी पहिले काही दिवस बोट तक्रार करत नाही. दोन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढली की जलरेषेचा पट्टा पूर्वीच्या रेषेवर दहा सेंटीमीटर शेवाळ दाखवतो, आणि मालक सामान काढायचं सोडून पट्टाच वर रंगवून घेतो. हे मी डझनभर वेळा पाहिलंय, एकदा स्वतः केलंय. दहा सेंटीमीटर म्हणजे दोन टन. आठ-नऊ टनांच्या बोटीवर दोन टन जादा.

कॅटामरान असेल तर प्रकरण आणखी नाजूक. बारीक हलना वजन सोसत नाही, आणि दोन हलना जोडणारा मधला तळ पाण्याच्या जवळ आला की प्रत्येक लाट खालून हातोडा मारते.

वजन किती यापेक्षाही कुठे, हे जास्त छळतं. बोट लाटेवर पुढे-मागे डोलते तेव्हा मध्यापासूनच्या अंतराचा वर्ग मोजला जातो: मध्यापासून एक मीटरवर ठेवलेली वस्तू डोलण्याला जितका हातभार लावते, त्याच्या पंचवीस पट हातभार तीच वस्तू पाच मीटरवर, म्हणजे पुढच्या टोकाला ठेवली की लावते. आणि लोक सगळी अडगळ नेमकी पुढच्या केबिनमध्ये, नाहीतर मागच्या खोल लॉकरमध्ये कोंबतात, कारण तिथे कोणी झोपत नाही. मग लाटेत पुढचं टोक रुततं, वेग मरतो, आणि मालक शीड शिवणाऱ्याला दोष देतो.

त्या नजरेनं तुमचा चौथा नांगर पाहा. एक चांगला, बोटीच्या मापापेक्षा एक नंबर मोठा मुख्य नांगर. दुसरा वेगळ्या जातीचा, तेवढ्याच ताकदीचा, मुख्य गेला तर. आणि एक हलका अॅल्युमिनियमचा, डिंगीतून नेऊन टाकता येईल असा, रुतलेली बोट ओढून काढायला. चौथा कशाला? बहुतेक बोटींवरचा चौथा नांगर हा जुन्या मालकानं सोडलेला किंवा घडीचा चार पंजांचा असतो. घडीचा पंजा डिंगीला ठीक आहे. बारा मीटरची बोट त्यावर सोडून झोपणं म्हणजे उशाला साप घेऊन झोपणं. साखळीचंही तेच. १० मिलिमीटरची साखळी मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास भरते, ८ मिलिमीटरची साधारण १.४ किलो. शंभर मीटर जाड साखळी म्हणजे सव्वादोनशे किलो, तीही अगदी टोकाला. साठ-सत्तर मीटर साखळी आणि पुढे चांगला नायलॉनचा दोर, एवढ्यावर माझं आजवर अडलेलं नाही.

साखळीवर सरकवायचं वजन, ज्याला केलेट म्हणतात, तेही उतरवा. मंद वाऱ्यात ते साखळी तळाला दाबून ठेवतं आणि बोट कमी फिरते, एवढं खरं. पण ज्या वाऱ्यात तुम्हाला झोप लागत नाही, त्या वाऱ्यात साखळी ताणून जवळजवळ सरळ होते आणि पंधरा किलोचा तो गोळा काहीच करत नाही. तेच पंधरा किलो नांगरात घाला.

आता सगळ्यात फसव्या सामानाकडे वळते: सुरक्षेचं म्हणून विकलेलं, आणि सुरक्षा न देणारं. ब्रेड मशीन निदान खोटं बोलत नाही.

जहाजांच्या रडारवर बोट ठळक दिसावी म्हणून टांगायच्या रडार परावर्तकाचं उदाहरण घ्या. डोलकाठीच्या दोराला बांधलेली ती बारीक पांढरी नळी शेकडो बोटींवर दिसते. २००६ च्या ऑगस्टमध्ये ‘औझो’ ही छोटी शिडाची बोट इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यापासून जवळच नाहीशी झाली आणि तिच्यावरचे तिघं गेले. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागानं त्यानंतर बाजारातल्या परावर्तकांच्या चाचण्या करून घेतल्या. २००७ च्या त्या अहवालानं नळीच्या आकाराचे परावर्तक वापरूच नयेत असं सांगितलं, कारण त्यांची कामगिरीच अपुरी होती. आठ पैलूंचा जुना पत्र्याचा परावर्तक, नीट टांगला तर, त्याहून बरा. पण बोट वाकली की तोही ढेपाळतो. नळी जागा खात नाही, वजनही नाही. तरी मी तिला निरुपयोगी सामानात वरचा नंबर देते, कारण ती वर लटकत असताना माणूस ‘जहाजाला आपण दिसतोय’ असं समजून कपभर चहा करायला आत जातो. त्याऐवजी एआयएसचा ट्रान्सपाँडर, म्हणजे बोटीची जागा रेडिओवरून जहाजांना कळवणारं यंत्र, लावा. आणि तो असला तरी पहारा सोडू नका.

वापरलेली बोट घेतली असेल तर एखाद्या कप्प्यात जुना १२१.५ मेगाहर्ट्झचा संकट-बीकन सापडेल. तो बोटीवर ठेवणं धोक्याचं. त्या वारंवारतेवरचे बीकन उपग्रहांनी ऐकणं १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केलं आहे. घाबरलेला पाहुणा हाताला लागेल ते बटण दाबतो. त्याच्या हाताला ४०६ मेगाहर्ट्झचा, तुमच्या बोटीच्या नावानं नोंदवलेला बीकनच लागला पाहिजे. जुन्याची बॅटरी काढून तो रीतसर निकालात काढा. मुदत संपलेल्या फ्लेअरचं (संकटात पेटवायच्या इशाऱ्याच्या नळ्यांचं) लोक ‘जादा म्हणून असू दे’ करतात. पंचवीस फ्लेअर असलेला डबा मी पाहिला आहे, त्यात मुदतीत होते चार. अंधारात, ओल्या हातांनी, त्या चारांपर्यंत तुम्ही कितव्या प्रयत्नात पोचाल?

वादळी जिबबद्दल तुम्ही ‘नक्की घ्यावी ना?’ असं विचारलंय. शीड उत्तम असेल हो, पण ते लावणार कुठे? तुमच्या पुढच्या तारेवर गुंडाळीचं यंत्र आहे. त्यावर जेनोआ, म्हणजे पुढचं मोठं शीड, गुंडाळलेला आहे. वादळी जिब त्याच खाचेत घालायची तर आधी चाळीस नॉटच्या वाऱ्यात जेनोआ पूर्ण उलगडून खाली घ्यावा लागेल. हे करून पाहिलेला माणूस दुसऱ्यांदा करत नाही. आतली दुसरी तार, तिला धरणारी डेकखालची मजबुती आणि दोर ओढायची योग्य जागा, एवढं असेल तर वादळी जिब सोन्याची. नसेल तर ती पिशवीतलं केशरी कापड आहे. निघण्यापूर्वी एखाद्या शांत सकाळी धक्क्यावरच ती उभारून पाहा. शीड ताणायचे दोर कुठून नेणार, हे त्या सकाळी कळेल. वादळात बोटीला आवरून धरायला पाण्यात सोडायचे समुद्री नांगर आणि ड्रोग यांचंही असंच: कुठल्या क्लीटला (दोर अडकवायच्या डेकवरच्या खुंटीला) बांधणार, आणि ती क्लीट बोटीच्या पूर्ण वजनाचा हिसका सोसेल का, हे ठरलेलं नसेल तर शंभर मीटर दोराचं ते भेंडोळं नुसतं बसायला बरं.

तार कापायची मोठी कात्रीही त्याच पंगतीत. डोलकाठी मोडून बाजूला आपटायला लागली तर ती तोडून मोकळी करायला म्हणून लोक स्वस्तातली कात्री आणतात. ती आठ मिलिमीटरच्या स्टेनलेस तारेला नुसती चेपते. बहुतेक वेळा तोवर तिचा सांधाही गंजलेला असतो. आमच्याकडे हातोडा, पोलादी पंच आणि बॅटरीवरचा ग्राइंडर आहे. आणि तारांचे जोड धरणाऱ्या क्लेव्हिस पिना निसटू नयेत म्हणून घातलेल्या स्प्लिट पिनांची टोकं मी पूर्ण मागे वळवत नाही, थोडीच फाकवते. वेळ आलीच तर पक्कडीनं सरळ करून क्लेव्हिस पिन ठोकून काढता येते.

डोलकाठीच्या टोकावर बसवायचे ते तारेचे ब्रश, वीज पडू नये म्हणून? वीज त्यांना जुमानते असा भरवशाचा पुरावा मला आजवर दिसलेला नाही. वजन नगण्य, म्हणून भांडत नाही. पण ते आहेत म्हणून डोलकाठीपासून पाण्यापर्यंतची जाड अर्थ वायर टाळू नका.

सुट्या भागांबद्दल जरा बैजवार लिहिते, कारण इथे ‘कमी न्या’ हा सल्ला चुकीचा आहे.

आमच्या बोटीबरोबर आधीच्या मालकानं सुट्या भागांचे सहा डबे दिले होते. प्रत्येकावर नीटनेटकी चिठ्ठी. माणूस शिस्तीचा आहे म्हणून आम्ही खूश. चार वर्षांनी इंजिनाचा समुद्राच्या पाण्याचा पंप गेला, किनारा दोन दिवस लांब. डब्यातून कोरा करकरीत पंप निघाला, तेलकट कागदात गुंडाळलेला. बोल्टची भोकंच जुळेनात. केव्हातरी मूळ पंप बदलून दुसऱ्या जातीचा बसवला होता आणि डब्यातला तसाच राहिला होता. चार वर्षं आम्ही त्या पंपाच्या भरवशावर निवांत झोपत होतो.

तेव्हापासूनचा आमचा रिवाज असा: नवा सुटा भाग आणला की तो लगेच जागेवर बसवायचा, पन्नासेक तास चालवायचा, आणि काढलेला चालू स्थितीतला जुना भाग डब्यात. म्हणजे डब्यात असलेली वस्तू या इंजिनावर बसते आणि चालते, हे दोन्ही सिद्ध झालेलं असतं. शिवाय कुठला पाना लागतो, कुठला बोल्ट रडतो, हे धक्क्याला असतानाच कळतं. अल्टरनेटर, पंप, स्टार्टर, सगळ्यांना हे लागू. अपवाद इम्पेलरचा, म्हणजे पंपातल्या रबरी चक्राचा. तिथे जुना ठेवणं व्यर्थ, कारण त्याची रबरी पाती एका बाजूला वाकून बसलेली असतात. नवे तीन-चार ठेवा, आणि सोबत त्या झाकणाचं गॅस्केट ठेवा, जे शंभरातले नव्वद जण विसरतात. डिझेल फिल्टरही ढिगानं न्या. टाकीच्या तळाचा गाळ शांत पाण्यात कधी वर येत नाही. खवळलेल्या समुद्रात येतो, आणि तेव्हा तासा-दोन तासाला एक फिल्टर खातो. एकच जादा फिल्टर नेणं हे न नेण्यासारखंच.

निरुपयोगी सुटे भाग ओळखायचे कसे? बोटीवर आता नसलेल्या यंत्राचे भाग: पहिल्या फेरीत हेच निम्मे निघतात. सगळे दिवे एलईडी केल्यावर राहिलेले तारेचे बल्ब. रुंदी न जुळणारे इंजिनाचे पट्टे. पितळेचे आणि साध्या लोखंडाचे स्क्रू, ज्यांना समुद्र दोन पावसाळेही टिकू देत नाही. ‘दुरुस्त करू’ म्हणून ठेवलेली बिघडलेली यंत्रं. शेवटच्या प्रकारावर घरात भांडणं होतात याची मला कल्पना आहे. आमच्याकडे एक जळका इन्व्हर्टर अकरा वर्षं जगभर फिरला.

अडगळीचा आणखी एक उपद्रव: तिच्यात चांगल्या वस्तू हरवतात. काखेत कळसा अन् गावाला वळसा ही म्हण बोटवाल्यांसाठीच असावी. एका बंदरात आम्ही होज क्लॅम्प (नळी आवळायच्या कड्या) घ्यायला अर्धा दिवस घालवला, नंतर त्याच मापाचे दोन डबे न उघडलेले सापडले. आता आमच्याकडे वहीत कप्प्यागणिक नोंद असते, आणि वस्तू जागा बदलली की नोंदही बदलते. वही न पाळणाऱ्याला त्या दिवशी भांडी.

स्वयंपाकघरातली यंत्रं झटक्यात संपवते. ब्रेड मशीन, मायक्रोवेव्ह, कॉफीचं मोठं यंत्र, कपडे धुण्याचं यंत्र: बोटीवर वीज आणि गोडं पाणी मुबलक असेल तर तुमची मर्जी, नसेल तर ती कपाटं आहेत, आणि तशीच वापरली जातात. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याच्या मायक्रोवेव्हमध्ये औषधांची पेटी असायची. काचेचे ग्लास पहिल्या वादळापर्यंत टिकतात. पुठ्ठ्याची खोकी मात्र कोणत्याही कारणानं आत आणू नका, धक्क्यावरच रिकामी करा; पुठ्ठ्याच्या घड्यांतून झुरळांची अंडी येतात आणि मग त्यांची वस्ती काढायला महिने जातात.

पेट्रोलचा जनरेटर: माझं मत ‘नको’. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि ती बोटीच्या तळाशी साचते. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आवाजानं शेजारच्या बोटी कायमच्या शत्रू होतात. ४०० वॉटचे सौर पॅनेल उन्हाच्या प्रदेशात दिवसाला १२ व्होल्टवर शंभर अँपिअर-तासांच्या आसपास देतात. दोघांच्या साध्या बोटीला, फ्रिजसकट, ते पुरतं. त्यापेक्षा जास्त लागत असेल तर आधी फ्रिजच्या दाराचं रबर तपासा.

गोडं पाणी बनवणारं यंत्र उपयोगी आहे, पण ते आठवड्यातून दोन-तीनदा चालवणाऱ्यालाच. पडून राहिलं तर आतल्या पडद्यावर जिवाणू वाढतात, रसायन भरून ठेवावं लागतं. क्लोरीन असलेल्या नळाच्या पाण्यानं धुतलं तर पडदाच जातो. बंदरं दोन-तीन दिवसांच्या अंतरावर असतील तर मोठी टाकी आणि चार कॅन स्वस्त पडतात. कॅन मात्र रेलिंगच्या खांबांना रांगेनं बांधू नका. ते खांब माणूस अडवायला आहेत. डेकवर चढलेली लाट कॅनांवर आदळली की खांब बुडापासून हलतो, आणि मग डेक गळायला लागतं.

स्पिनेकर? आमचा बारा वर्षांत नऊ वेळा बाहेर आला. दोघांच्या बोटीवर, एक जण झोपलेला असताना, रात्री तो कोण उतरवणार, या विचारानंच तो पिशवीत राहतो. विकला, आणि जेनोआ वाऱ्याच्या दिशेनं ताणून धरायला चांगला पोल घेतला. पण लहानपणापासून शर्यती खेळलेली मंडळी माझ्यावर हसतील, आणि त्यांचं हसणं रास्त आहे. त्यांच्या हातात ती वस्तू निरुपयोगी नाही.

सेक्स्टंटचंही तसंच. वर्षातून चार वेळा दुपारचा सूर्य घेणार असाल, नवं नाविक पंचांग आणि कोष्टकं बोटीवर असतील, तर घ्या. समुद्रावर त्याच्यासारखा आनंद नाही. जीपीएस बंद पडलं तर शिकू म्हणून घेणार असाल तर ते तहान लागल्यावर विहीर खणणं झालं. त्या पैशांत हातात धरायचे दोन जीपीएस आणि भरपूर बॅटऱ्या घ्या, नि वीज पडायची शक्यता दिसली की एक ओव्हनमध्ये ठेवा.

जॉशुआ स्लोकमनं १८९५ ते १८९८ मध्ये एकट्यानं पहिली पृथ्वीप्रदक्षिणा केली तेव्हा क्रोनोमीटर, म्हणजे महागडं अचूक सागरी घड्याळ, दुरुस्त करून घेण्याऐवजी तो तबकडी फुटलेलं, एका डॉलरचं पत्र्याचं घड्याळ घेऊन निघाला. ‘पाहा, कमी सामानात भागतं’ म्हणून त्याचं नाव सारखं घेतलं जातं. पण त्याच माणसाला मॅगेलनच्या सामुद्रधुनीच्या वाटेवर कुणीतरी गालिच्याच्या चुकांचं, म्हणजे बारीक टोकदार खिळ्यांचं, पुडकं दिलं होतं. शिडाच्या बोटीवर गालिच्याच्या चुका! माझ्यासारखीनं ते पुडकं पहिल्याच साफसफाईत उतरवलं असतं. त्यानं झोपण्यापूर्वी त्या डेकवर पेरल्या आणि रात्री अंधारात अनवाणी चढून आलेले लोक किंचाळत पाण्यात उड्या टाकून पळाले. घड्याळ असो की चुका, कशाचं काय करायचं हे त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या टोकाला फ्रेंच दर्यावर्दी बर्नार मॉइतेसिए. १९६८ मध्ये एकट्यानं न थांबता पृथ्वीप्रदक्षिणेला निघण्यापूर्वी त्यानं ‘जॉशुआ’ बोटीवरून इंजिन, डिंगी, जादा नांगर आणि शेकडो किलो साखळी उतरवली. संदेश पाठवायचा रेडिओही नेला नाही. गलोलीनं निरोप जहाजांच्या डेकवर फेकायचा. वाचायला भारी वाटतं. पण तो कुठेच नांगर टाकणार नव्हता, आणि तुम्ही तर दर दोन दिवसांनी टाकणार आहात. समुद्रात सामान फेकून बोट हलकी करणं त्याच्या काळात खपलं. आता जहाजांमुळे होणारं समुद्राचं प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय मार्पोल करारानुसार प्लॅस्टिक तर जगातल्या कुठल्याच समुद्रात टाकता येत नाही. काय उतरवायचं ते धक्क्यालाच.

उतरवायचं कसं, ते सांगते. निघण्यापूर्वी दोन-तीन दिवस काढा आणि बोट पूर्ण रिकामी करा, फळ्यांखालच्या पोकळीसकट. मग आधी रिकाम्या बोटीत फिरून प्रत्येक सीकॉक, बॅटरीचा मुख्य खटका, गॅसची झडप, अग्निशामक, हातपंप आणि सुकाणूचा जोड यांना हात लावून या, दिवा बंद करून. ज्या जागेतून हात गेला, ती जागा कायमची मोकळी. तिथे उशीसुद्धा ठेवायची नाही. उरलेल्या जागेत सामान भरा. जड ते खाली आणि मध्यावर. प्रत्येक सीकॉकला लाकडाचं निमुळतं बूच सुतळीनं बांधा. ती बुचं पिशवीत एकत्र ठेवलेली असली तर त्यांची गणना मी अडगळीतच करते.

मग प्रत्येक पिशवीच्या, डब्याच्या तोंडाला रंगीत दोऱ्याची गाठ मारा. उघडलं की दोरा तुटला, परत बांधायचा नाही. सहा महिन्यांनी ज्यांचे दोरे शाबूत असतील ते सगळं धक्क्यावर मांडा. सुरक्षेचं सामान, सुटे भाग आणि औषधं बाजूला काढा, बाकीचं द्या वाटून. बंदरात कुणीतरी निघण्याच्या तयारीत असतंच, त्यांच्या डोळ्यांत तीच चमक असते जी आपल्या होती. आमच्या सायकली अशाच एका तरुण जोडप्यानं आनंदानं नेल्या. सीकॉकची गोष्ट मी त्यांना सांगितली होती. त्यांनी मान डोलावली आणि सायकली सिंकखालच्या लॉकरमध्ये ठेवल्या.

गिटारचं राहिलं. ती न्या. लाकूड फुगेल, तारा गंजतील, एखाद्या वळणावर मान मोडेलही; तारांचे दोन जादा संच हवाबंद पिशवीत ठेवा. लांबच्या प्रवासात नवव्या-दहाव्या दिवशी दोघं एकमेकांशी बोलेनासे होतात तेव्हा तिचा उपयोग आमच्या हातपंपाहून जास्त झालेला आहे. फक्त तिची जागा आधी ठरवा. तुमच्या बोटीच्या आराखड्यात जिन्याशेजारी जो उंच, रिकामा कोपरा दिसतो आणि जिथे ती अगदी मापात बसेल असं वाटतं, तिथे इंजिनाच्या खोलीचं बाजूचं दार आहे.